मागच्या सीटवरचा आवाज

पहिल्याच भेटीत तिनं त्याच्यावर पेट्रोल फेकलं.

मुद्दाम नव्हे. सकाळचं धुकं अजून धावपट्टीवरून उठलेलं नव्हतं. ती छोट्या विमानाच्या पंखाखाली वाकून टाकीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून बघत होती, तळाशी पाणी तर साचलं नाही ना म्हणून. उड्डाणाआधीचं रोजचं काम. पेला उजेडाकडे धरला, ठीक आहे असं स्वतःशीच पुटपुटली आणि वळूनही न बघता पेल्यातलं पेट्रोल मागं भिरकावून दिलं. मागं तो उभा होता. दोन हातांत दोन खोकी, गळ्यात पिशवी, आणि आता शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत ओला पट्टा.

"माफ करा," ती म्हणाली. "मला पावलं ऐकू आली नाहीत."

"मी दोनदा हाक मारली," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. शर्ट चिमटीत धरून तो वास घेऊन बघत होता. "काडी ओढणारं जवळपास कुणी नाही ना?"

तिला हसू यायला हवं होतं. पण हसायचं म्हटलं तरी अंगात थोडं त्राण लागतं. तिनं नुसतं पुसायचं फडकं पुढं केलं.

तो नकाशे करणाऱ्या कंपनीचा माणूस होता. विमानाच्या पोटात बसवलेल्या कॅमेऱ्यानं नदीकाठच्या सगळ्या जमिनीचे फोटो काढायचे आणि ते जोडून नकाशा करायचा, हे त्याचं काम. तिचं काम विमान उडवण्याचं. शेत नांगरावं तसं एक पट्टी सरळ जायचं, वळायचं, शेजारच्या पट्टीवरून परत यायचं. सकाळभर हे, आणि दुपारी शिकाऊ मुलांना उडायला शिकवायचं. तिला सगळे 'कॅप्टन' म्हणत, त्याला दोनच दिवसांत सगळे 'नकाशेवाले' म्हणायला लागले.

खोक्यांत दोन नवे हेडसेट होते, बाहेरचा आवाज मारणारे. तासन्‌तास उडायचं तर असेच हवेत, हा त्याच्या कंपनीचा नियम. तिनं आपला जुना हेडसेट दाखवला आणि माझं याच्यावर भागतं म्हणाली. त्या हेडसेटच्या कानांवरच्या गाद्या फाटून आतला स्पंज बाहेर डोकावत होता. नकाशेवाल्यानं त्या स्पंजाकडे पाहिलं, वाद घातला नाही, नवा हेडसेट तिच्या मांडीवर ठेवला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

माहितीपुस्तक त्यानं वाचलं होतं म्हणे. पण विमानात बसल्यावर सगळं उलटंपालटं झालं. दोन पिना होत्या, एक जाड, एक किंचित बारीक. तो बारीक पिन जाड पिनेच्या भोकात घालून हलवत बसला. शेवटी ती मागं वळली, पिना नीट बसवल्या. मग त्याच्या चष्म्याकडे बघितलं.

"काड्या जरा वर घ्या. गादीखाली काडी आली की फट पडते, आणि त्या फटीतून अख्खं इंजिन आत येतं."

त्यानं काड्या वर सरकवल्या. चष्मा कपाळावर चढून बसला, आणि तो एकदम शाळकरी दिसायला लागला. माइक हनुवटीखाली लोंबकळत होता. तिनं तो धरला, बोलायची बाजू आत वळवली आणि ओठांच्या कोपऱ्याशी आणून ठेवला.

"इतका जवळ?"

"टेकेल-न टेकेल इतका. लाजलात तर ऐकू येणार नाही."

ती हे इतक्या थकल्या आवाजात म्हणाली की त्यात गंमत आहे हे त्याला विमान धावपट्टीवर पोचल्यावर समजलं. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या... पण त्या आता गाद्यांखाली होत्या.

इंजिन सुरू झालं. मांडीवरचा नवा हेडसेट शेवटी तिनंही चढवला होता, वायरीवरच्या छोट्या डबीत सेल घातले होते. डबीचं बटण दाबलं. कुणी शेजारच्या खोलीचं दार हलकेच ओढून घ्यावं तसा तो घुमणारा आवाज दूर गेला. इतकी वर्षं ती त्या आवाजात राहिली होती. तो गेला, आणि मागं एक बारीक शिट्टी उरली. आधी तिला वाटलं हेडसेटच बिघडलेला आहे. तिनं पिना हलवल्या, आवाजाचं बटण फिरवलं. शिट्टी तशीच. ती हेडसेटमध्ये नव्हतीच. तिच्या डाव्या कानात होती. कधीपासून होती, कोण जाणे.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

*

हवेत गप्पा कशा सुरू झाल्या हे नंतर दोघांनाही नीट आठवेना. किती मोठ्या आवाजाला माइक उघडावा हे ठरवणारं एक बटण असतं. तिनं ते पार खाली ठेवलं होतं, त्यामुळे श्वाससुद्धा पलीकडे जायचा. तिसऱ्या की चौथ्या सकाळी मागून आवाज आला, "कॅप्टन, तुम्ही फार सुस्कारे टाकता."

"ऐकू येतात?"

"माझ्या कानातच टाकता."

तिनं बटण वर करायला हात नेला... आणि केलं नाही.

मग तो विचारत गेला आणि ती सांगत गेली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हापासून घर तिच्यावर होतं. ते गेले, मग धाकटीचं लग्न झालं, ती तिच्या घरी सुखात आहे. आता घरात ती आणि आई. करण्यासारखं असं काही उरलेलं नाही, तरी शीण मात्र उतरत नाही. रात्रभर झोपून सकाळी उठावं तर आदल्या दिवशीइतकीच दमलेली. त्यानं सांगितलं की तो वर्षानुवर्षं लॉजवर राहतोय. एका गावचा नकाशा झाला की दुसरं गाव. दर सकाळी डोळे उघडल्यावर खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आधी शोधावं लागतं.

"मग कंटाळा येत नाही?"

"आला होता. आता कंटाळ्याचाही कंटाळा आलाय."

या वेळी मात्र ती हसली. थोडंसंच, नाकातल्या नाकात. पण माइकनं ते इमानदारीत मागं पोचवलं.

गंमत अशी की जमिनीवर दोघं मुके. विमानातून उतरलं, हेडसेट गळ्यात आले, की तो चष्मा पुसत बसे आणि ती तपासणीच्या नावाखाली टायरला लाथ मारे. वर मोकळेपणानं बोलणारा आवाज एक होता, आणि हा पेट्रोलचा डाग पडलेला शर्ट पुन्हापुन्हा घालणारा माणूस दुसराच. ती त्याच्याशी पाठमोरीच जास्त बोलली होती. घरी भांडी लावताना तिला त्याचा आवाज आठवायचा, चेहरा नाही, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटायचं.

*

एका सकाळी नदीच्या वळणावर असताना त्याच्या हेडसेटचे सेल संपले. सेल बदलायला त्यानं हेडसेट काढला, आणि घातला तो घाईघाईनं.

"कॅप्टन, बाहेरून काहीतरी वाजतंय. खडखड. पत्र्यावर लोखंड आपटल्यासारखं."

तिनं डावा कान उघडा केला. "काही नाही."

"नीट ऐका. सारखं वाजतंय."

"नाही हो." मग तिनं उजवा कान उघडा केला. खडखड लख्ख ऐकू आली. तिच्या पाठीचा ताठा क्षणभर सुटला, तो त्यानं मागून पाहिला. पुढच्याच क्षणी ती कॅप्टन होती. तिनं वेग कमी केला, तळावर कळवलं आणि एक शब्द जास्तीचा न बोलता विमान खाली आणलं. चाकं टेकेपर्यंत त्याचे दोन्ही हात सीटला चिकटलेले होते.

उतरून पाहतात तो, त्याच्याच शेजारच्या रिकाम्या सीटच्या पट्ट्याचं टोक दारात अडकून बाहेर लोंबत होतं. वाऱ्यानं त्याची कडी पत्र्यावर आपटत होती, दुसरं काही नाही. ती पंखाला टेकली आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यानं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तोही हसला, आणि हसता हसताच विचारून गेला, "डाव्या कानानं कमी ऐकू येतं का तुम्हाला?"

हसू जागच्या जागी थांबलं.

तुम्ही फोटो काढा, मी विमान उडवते, असं ती म्हणाली. त्यानं सांगितलं की तो कुणाकडे बोलणार नाही, ते त्याचं काम नाही. "पण तुम्ही तरी स्वतःशी बोला." ती पाठ फिरवून निघून गेली. त्यानंतरच्या उड्डाणांत माइकवर फक्त 'डावीकडे', 'सरळ', 'पट्टी संपली' एवढंच राहिलं. माइक उघडणारं बटण तिनं पार वर नेऊन ठेवलं होतं.

परवान्यासाठी कानांची तपासणी दर वर्षी व्हायची आणि यंदाची जवळ आली होती. नापास झाली तर काय, हा विचार ती अंथरुणावर कूस बदलावी तसा उलटसुलट करत राहायची. उडण्याशिवाय तिला काहीच येत नव्हतं. अशात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती आणि आई समोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले.

"मी एवढं काय केलंय ते तरी सांग," आई म्हणाली. "हल्ली हाक मारली तर ओ देत नाहीस. तुझ्या बापाच्या आजारपणात मी तुला उडण्यापासून अडवत होते, त्याचा राग अजून आहे का?"

तिनं सुरी खाली ठेवली. आई डाव्या बाजूच्या खोलीतून हाका मारत असायची. कित्येक महिने. आणि लेक रागावली आहे असं समजून गप्प राहायची.

"आई, मला ऐकूच येत नाही गं," ती म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी ती तपासणीची वाट न बघता कानाच्या डॉक्टरांकडे गेली. आई बरोबर होती, आणि दवाखान्यात सारखी तिच्या उजव्या बाजूला येऊन बसत होती. डॉक्टर म्हणाले, उजवा कान चांगला आहे. डाव्याचं गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकवता येईल. त्यासाठी आधी काही महिने इंजिनापासून लांब राहा, पूर्ण विश्रांती घ्या. मग पुन्हा तपासू. परवाना राहील असं वाटतं, पण आज खात्रीनं सांगत नाही.

रडू कोसळेल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी ती घरी येऊन जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

*

नकाशेवाल्याच्या थोड्याच पट्ट्या उरल्या होत्या. त्या उडवायला तळावरचे थोरले कॅप्टन तयार झाले. तिला उडायला शिकवणारे तेच. नदीचा तो भाग त्यांच्या सवयीचा नव्हता, म्हणून विश्रांती सुरू करण्याआधी एकदा वाट दाखवायला ये, नुसती मागं बस, असं त्यांनी तिला सांगितलं. डॉक्टरांना विचारून, चांगला हेडसेट लावून ती गेली.

म्हणजे ती आणि नकाशेवाला प्रथमच शेजारी शेजारी बसले. त्याच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागत होता. विमान छोटं, दुसरीकडे न्यायलाही जागा नव्हती. तिच्या उजव्या हाताला तो बसला होता. ही जागा त्यानं आपणहून घेतली, की तशीच पडली, हे तिनं विचारलं नाही.

वर पोचल्यावर तिनं वाट दाखवली. मग म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊन आले."

"कळलं मला. मी तुम्हाला दुखावलं..."

"दुखावलंत. बरं केलंत."

पुढून खाकरण्याचा आवाज आला. हे सगळं थोरल्या कॅप्टनच्या कानात जात होतं हे दोघंही विसरले होते.

"पोरांनो," ते म्हणाले, "इथं एक बटण असतं. फिरवलं की मला फक्त रेडिओ ऐकू येतो, मागचं काही नाही. मी ते फिरवतोय. काही लागलं तर खांद्यावर थाप मारा."

खट्. आणि मग इतकी शांतता झाली की दोघांनाही एकमेकांचा श्वास ऐकू येऊ लागला. खाली नदी पितळी पट्ट्यासारखी चमकत होती. तो समोरच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होता, पडद्यावर बघण्यासारखं काही नसताना.

"मला तुमच्याबरोबर राहायचंय," तो म्हणाला. "म्हणजे... लग्न करून. रीतसर. तुमच्या आईंना विचारून."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी कदाचित पुन्हा उडवणार नाही. कानही याहून खराब होईल. मग 'काय म्हणालास' 'काय म्हणालास' करत बसेन दिवसभर."

"मी पुन्हा सांगेन."

"वैतागाल."

"थोडासा वैतागेन," त्यानं कबूल केलं. "पण सांगेन."

तिनं माइक ओठांशी आणला. बोलावंसं वाटत होतं, पण शब्दांपर्यंत पोचायची ताकद नव्हती. "मला आत्ता काही सुचत नाहीये," ती म्हणाली. "फार दमलेय हो मी. खूप दिवसांची."

"मग टेका. मी कुठं लगेच उत्तर मागतोय?"

"मागताय की."

"बरं, मागतोय... पण घाई नाही."

तिनं आधी नुसतं डोकं मागं टेकवलं. मग विमान वळलं, आणि वळणाबरोबर ते त्याच्या खांद्यावर आलं. हेडसेटची कडी त्याच्या गालाला टोचत होती. त्यानं ती हलवली नाही. इतकी वर्षं विमानात सगळ्यांसाठी जागी राहिलेली ती बाई पट्टी संपायच्या आत गाढ झोपली. तिच्या माइकमधून संथ श्वास त्याच्या कानात येत राहिला. त्यात आज एकही सुस्कारा नव्हता.

जाग आली तेव्हा चाकं जमिनीला लागली होती. तिनं मान उचलली. त्याचा हात बधिर झाला होता, तो बोटं उघडमीट करत होता. थोरल्या कॅप्टननी इंजिन बंद केलं आणि हेडसेट काढत वळून विचारलं, काय, झालं का काम?

नकाशेवाला ओशाळला. शेवटची पट्टी राहिली, असं तो म्हणाला. कॅमेऱ्याचं बटण दाबायला खांदा हलवावा लागला असता.

"म्हणजे उद्या परत?"

"उद्या परत."

थोरले कॅप्टन कपाळाला हात लावून खाली उतरले. दोघं मागंच बसून राहिले. तिनं आपला हेडसेट काढला, मग त्याचा काढला, आणि कपाळावर चढलेला त्याचा चष्मा नीट नाकावर बसवला.

"हो," ती म्हणाली.

"उद्या येताय? पण डॉक्टर..."

"उद्याचं नाही रे," ती म्हणाली. "मघाचं."

मग त्यानं बधिर झालेला तो हात दुसऱ्या हातानं उचलून तिच्या हातावर ठेवला, आणि त्यात मुंग्या येऊन पुन्हा जीव येईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.