ॲम्ब्रोज पास्कच्या लेकी

कॅनडाहून आलेलं ते पत्र विनिफ्रेडने तिसऱ्यांदा वाचलं, आणि हातातला कप खाली ठेवला. ‘माझे वडील ॲम्ब्रोज पास्क तुमच्या गावचे. आमच्या इंग्लंडमधल्या पूर्वजांचा शोध घेते आहे. चर्चची जुनी दप्तरं तुम्ही सांभाळता असं कळलं...’ खाली सही होती, व्हर्ना.

माझे वडील! सत्त्याहत्तर वर्षांची विनिफ्रेड कडवट हसली. ती चार वर्षांची असताना तो माणूस ‘जमीन मिळाली की बोलावून घेतो’ म्हणत बोटीवर चढला, तो पुन्हा दिसलाच नाही. आई लोकांचे कपडे धुऊन धुऊन झिजली. तिला एकटं टाकवेना म्हणून विनिफ्रेडने मागणी घालायला आलेल्या भल्या सुताराला आसवं गिळून परत पाठवलं. मरतानाही आईची नजर दाराकडेच होती... आणि तिकडे त्याने दुसरा संसार थाटला होता! आयुष्यभर जो सूड तिने उराशी जपला, तो आज आपल्या पायांनी चालत येत होता. आडनाव न लिहिता तिने गोड उत्तर धाडलं, ‘अवश्य या.’

जूनमध्ये व्हर्ना आली. सत्तरीची, काठी टेकत. चर्चच्या थंडगार खोलीत विनिफ्रेडने १९०५ सालची विवाहांची वही तिच्यापुढे सरकवली.

“ॲम्ब्रोज पास्क... हॅरिएट मॉब्स,” व्हर्नाने वाचलं.

“हॅरिएट माझी आई. चाळीस सालापर्यंत जिवंत होती. तेव्हा तुमची आई त्याची कोण लागली, ते तुम्हीच ठरवा.”

आता ही कोसळेल म्हणून विनिफ्रेड तिचा चेहरा न्याहाळत राहिली. पण त्या चेहऱ्यावर विनिफ्रेडच्या रागाइतकाच जुना अंगार पेटला.

“म्हणजे तूच ती विनी,” व्हर्ना म्हणाली. “पूर्वजबिर्वज सगळी थाप होती. तुलाच शोधत आले मी. मी तेरा वर्षांची असताना ‘माझी आई अंथरुणाला खिळलीय, कापणीच्या आत परततो’ म्हणून तो इंग्लंडला निघाला. आलाच नाही. मग त्याच्या पेटीत तुझ्या आईची पत्रं सापडली. माझ्या आईनं त्या धक्क्यानं हाय खाल्ली, तिसऱ्या हिवाळ्यात गेली. धाकट्या तिघांना मी वाढवलं. तुम्ही मायलेकींनी ओढून नेलंत त्याला. कुठं पुरलंत? थुंकायचंय मला तिथं.”

विनिफ्रेड उठली, तिने दफनांची वही काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ॲम्ब्रोजची आई, १९०३.

“त्याची आई माझ्या जन्माआधीच गेली. तो इथं परत आलाच नाही, व्हर्ना. मी तर समजत होते, तुमच्यापाशीच सुखात मेला.”

व्हर्नाने वही स्वतःकडे ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

“लग्न केलंस?” विनिफ्रेडने विचारलं.

“कधी करणार? पोरं होती ना तीन.”

ज्या स्त्रीचा सर्वनाश विनिफ्रेडने पत्र आल्यापासून चिंतला, तिने हिचंच आयुष्य समुद्रापलीकडे जगून काढलं होतं... आणि द्वेषाला आता एकच धनी उरला.

“म्हणजे तिसरं घर असणार कुठंतरी,” व्हर्ना दात आवळून म्हणाली.

“असणारच. शोधू. बोटींच्या याद्या कशा बघायच्या ते मला कळतं.”

“आणि त्या घरातली कुणी भेटली, तर काय सांगायचं तिला?”

“आधी तिला पोटभर रडू द्यायचं. आपल्याला कुणी दिलं नाही.”

व्हर्नाने ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलू लागले. विनिफ्रेडने वह्या बाजूला सारल्या, खुर्ची ओढली आणि ती आपल्या बहिणीशेजारी बसली.