लाँचची दुपारची आंघोळ

"हिरवी! हिरवीच घ्यायची! दुसरीकडं बघायचंसुदिक नाय!" भिंतीवर बसून पाय हलवत पुंजा ओरडला.

"आरं, हळू बोल की!" खाली शेरडं चारणारा त्यांचा दोस्त मल्हारी म्हणाला. "सोनाजीनं ऐकलं तर तुला बी हाकलील आन् माझी शेरडं बी!"

पुंजाची थोरली बहीण भागू भिंतीवर हनुवटी टेकवून हिरव्या लाँचकडे नुसती बघत होती.

मुकुंदवाडीत रुळांपलीकडे काकासाहेबांचं भंगाराचं आवार होतं. जुने पंप, वाकडे पत्रे, चाकं नसलेले टेम्पो असं काय काय तिथं पडलेलं असायचं. पण यंदा त्या पसाऱ्यात, लाकडी ओंडक्यांवर, चक्क दोन मोटारलाँच उभ्या होत्या! जिथं प्यायचं पाणी हापशावर भांडून मिळायचं, तिथं लाँच! धरणाच्या कामावरच्या कुणा ठेकेदाराकडून काकासाहेबांनी त्या जुन्या घेतल्या होत्या. जालना रोडवरून त्या आल्या, त्या दिवशी अर्धी शाळा वर्गातून पळाली होती.

एक लाँच हिरवीगार, नव्या रंगाची, केबिनला काचा असलेली. दुसरी पार कोपऱ्यात, गंजकी. तिच्या केबिनमध्ये आवाराचा राखणदार सोनाजी याच्या कोंबड्या अंडी घालत. तिच्याकडे कोण बघणार?

भागूला ती हिरवी हवीच होती. नुसती हौस म्हणून नव्हे. पैठणचं धरण भरलं तेव्हा तिचं गाव पाण्याखाली गेलं. अर्धं गाव अलीकडच्या काठावर बसलं, अर्धं पलीकडच्या. भागूचे आबा, रामकिसन, यांना अलीकडे जमीन मिळाली, पण ती धड पिकेना, म्हणून ते घरदार घेऊन मुकुंदवाडीत आले आणि शहरातल्या एका गोदामात मुकादमी करू लागले. मावशीचं घर मात्र पलीकडे गेलं. मावशीबरोबर सारजाही गेली. सारजा म्हणजे भागूची मावसबहीण. दोघी एका गोधडीत झोपायच्या, एका पाटीवर लिहायच्या. आता तिच्याकडे जायचं तर बसनं केवढा वळसा! म्हणून जाणं व्हायचं ते लग्नाला, नाहीतर मयताला, आणि तेही मोठ्यांचंच. आबांबरोबर शेतावर गेली की भागू काठावर उभी राहायची. समोर पाणीच पाणी, आणि त्याच्या शेवटाला एक बारीक रेघ. त्या रेघेवर कुठंतरी सारजा होती.

आणि यंदा आबांनी ठरवलं होतं, भावकीनं मिळून एक जुनी डिझेल लाँच घ्यायची आणि दोन्ही काठांमध्ये माणसं न्यायची-आणायची. भागूला दिवाळीची सुट्टी कधी नव्हे इतकी मोठी वाटू लागली होती.

"ते बघा!" मल्हारीनं बोट दाखवलं. "पुन्हा धूर!"

आवाराच्या कडेला सोनाजीनं पाण्याचा बंब पेटवला होता. वर ऊन नुसतं पोळत होतं!

"सोनाजी आन् आंघोळ?" पुंजा खिदळला. "त्यो तर सणावारी बी तोंडच धुतो!"

"आन् भरदुपारी?" भागू म्हणाली. "गिऱ्हाईक यायचं असलं की बंब पेटतो. म्या कवापासून बघायलेय."

ती तिघं भिंत ओलांडून आवारात शिरली आणि पत्र्यांच्या थप्पीमागं दबा धरून बसली. पाणी तापलं. सोनाजीनं वाफाळती बादली उचलली आणि तो न्हाणीकडे न जाता तरातरा हिरव्या लाँचमध्ये चढला! इंजिनाचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, मग पाणी ओतल्याचा. मग दुसरी बादली. मग तिसरी!

"आयला! लाँचला आंघोळ!" पुंजानं तोंडावर हात दाबला.

थोड्या वेळानं जीपमधून गिऱ्हाईक आलं. काकासाहेबांनी पांढऱ्या टोपीला हात लावून त्याला हसतमुखानं लाँचवर चढवलं. "दसऱ्यापासून हात नाय लावला मशिनीला! आता बघा हां!" सोनाजीनं हँडल फिरवलं, आणि पहिल्याच फेऱ्यात इंजिन धडधडू लागलं. गिऱ्हाइकानं मान डोलावली, घरी विचारून येतो म्हणून जीप निघूनही गेली.

"खोटं कशापायी बोलला पण?" भागू पुटपुटली.

मल्हारी विचारात पडला होता. त्याचं सगळं घर शेरडं-मेंढरं राखणारं. "बाजारच्या दिवशी काही लोक शेरडाला मीठ चारत्यात आन् पोटभर पाणी पाजत्यात. शेरडू गुबगुबीत दिसतं. घरी न्यावं तर पार चिपाड! हितं बी तसंच कायतरी हाय बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिघं पुन्हा थप्पीमागं हजर! बंब पेटलेला नव्हता. काकासाहेब कमरेवर हात ठेवून उभे होते आणि सोनाजी घामाघूम होऊन हँडल मारत होता. एकदा, दोनदा, पुन्हा, पुन्हा. इंजिन नुसतं ठसकत होतं.

"ऱ्हाऊ दे, नाय उठायचं गारीत," काकासाहेब वैतागून म्हणाले. "उद्या दुपारी रामकिसन विसार घेऊन यायलाय. बंब वेळेवर पेटव म्हंजी झालं!"

असं होतं तर! इंजिन पार झिजलेलं होतं. गरम पाण्यानं शेकलं तरच ते सुरू व्हायचं.

घरी जाताना पुंजा आणि मल्हारी टणाटणा उड्या मारत होते. भागू मात्र मागं रेंगाळत होती. आबांना सांगितलं की हिरवी लाँच गेली. हिरवी गेली की सारजाही गेली. आणि नाही सांगितलं तर? परवा-तेरवा लाँच पाण्यावर असेल! महिनाभर तरी चालेल की ती... एकदा तरी पलीकडे जाता येईल. एकदाच!

असा विचार आपल्या मनात आला याची तिची तिलाच लाज वाटली. मग तिच्या डोळ्यांपुढं ते अफाट पाणी आलं. मधोमध बंद पडलेली लाँच, सुटलेला वारा, आत बसलेली आई आणि भावकीतली लेकरं. तिथं कुठून आणायचा बंब?

संध्याकाळी तिनं आबांना सगळं सांगून टाकलं. आबा हसले. "अगं, म्या सोता बघितलंय. पहिल्या हँडलला उठती! काकासाहेब काय परके हायेत? शब्द दिलाय त्यांनी. तू लाँचीत कुठं बसायचं तेवढं ठरव." खरं तर आबांनाही घाई झाली होती. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की त्याला तिच्यातली खोट दिसत नाही, आणि दाखवली तर रुचत नाही.

"मग आता?" मल्हारीनं विचारलं.

"आता इंजिन गार करायचं. आबांच्या डोळ्यांदेखत," भागू म्हणाली. आणि ती तडक आत्याकडे गेली.

दगडाआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. आवाज असा खणखणीत, की तिनं आरती धरली की रुळांवरची गँग काम थांबवून ऐकायची. आणि एकदा धरली की सोडायची नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"आत्या, लाँचीची पूजा नको का? पूजा झाल्याबिगर मशीन सुरू केली तर?"

"सुरू करतील कशी? मी काय मेलेय व्हय?" आत्या कडाडली आणि तबक शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी आवारात पोचली. आबा, आई, आत्या आणि भावकीतली दोन माणसं. काकासाहेब घाईघाईनं पुढं आले. "या या! सोनाजी, मार हँडल!"

"थांब!" आत्यानं तबक पुढं केलं. "देवाच्या आधी मशीन? कुठली रीत ही?"

"आत्याबाई, आधी दाखवतो तर खरं, मग निवांत पूजा..."

"निवांतच करणार हाय मी!"

आबांनीही मान डोलावली. पूजेला नको कसं म्हणणार? काकासाहेब कसनुसे हसले. आत्यानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला आणि आरती धरली. गणपतीची झाली, देवीची झाली, खंडोबाची झाली. मग कुळातल्या एकेका देवाची सुरू झाली. काकासाहेब टाळ्या वाजवत होते आणि मधूनच वाकून इंजिनाला हात लावून बघत होते.

"भागू," मल्हारी कुजबुजला, "सोनाजी सटकला! पुन्हा पाणी आणायलाय!"

"जाऊ दे. तिथं पुंजा हाय."

बंबाशी सोनाजी पोचला आणि जागीच थिजला. बंबाची तोटी उघडी, बंब रिकामा, आणि समोर डोक्यापासून पायापर्यंत साबणानं माखलेला पुंजा! ज्याला रोज सकाळी आंघोळीसाठी ओढत न्यावं लागायचं तो पुंजा!

"सोनाजीकाका, थोडं गरम पाणी हाय का अजून? डोळ्यात साबण गेला!"

इकडे मंत्रपुष्पांजली झाली, प्रसाद वाटला गेला. आत्यानं समाधानानं पदर सावरला. "हां, मार आता हँडल!"

सोनाजीनं हँडल मारलं. ठस्स. पुन्हा मारलं. ठस्स! काकासाहेब म्हणाले, हवेत गारवा हाय. गारवा? त्यांच्या टोपीखालून घाम निथळत होता! शेवटी आबांनी स्वतः हँडल घेतलं. खांदे भरून येईपर्यंत फिरवलं. मग ते थांबले, त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला, आणि वळून भागूकडे पाहिलं.

"बंबाचं म्हणाली व्हतीस ना तू?" त्यांनी हळूच विचारलं.

भागूनं मान हलवली आणि तिला रडूच कोसळलं. "आबा, गेली ना आता लाँच? माझ्यामुळं गेली!"

"खुळी का काय!" आबांनी तिला जवळ ओढलं. "मधोमध बंद पडली असती तर आपण गेलो असतो."

काकासाहेब "पोराटोरांच्या गोष्टी" वगैरे पुटपुटू लागले. तेवढ्यात सोनाजी खाली मान घालून पुढं आला. "मालक, बास झालं. रामकिसनभाऊ, ती कोपऱ्यातली बघा. दिसायला तशीच हाय, पण गारीत उठती."

सगळ्यांच्या माना गंजक्या लाँचकडे वळल्या. आबांनी आधी तिच्या इंजिनावर हात ठेवला. गार! मग भागूला ठेवायला सांगितला. गारच! सोनाजीनं टाकीत डिझेल ओतलं, इंजिन थंड ठेवणारी नळी पाण्याच्या बादलीत सोडली. पहिल्या हँडलला इंजिनानं काळा धूर ओकला, कोंबड्या पंख फडफडवत बाहेर पळाल्या, आणि दुसऱ्याला ते असं खणखणीत सुरू झालं, की आत्यासुद्धा दोन पावलं मागं सरली!

"आन् तळ?" भागूनं डोळे पुसत विचारलं. "तळ गळका असला तर?"

"पाण्यात टाकल्याबिगर कसं कळणार पोरी?"

"पाणीच तिच्यात टाकू की!"

हापशापासून लाँचपर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या हातोहात फिरू लागल्या. आबा, भावकी, मल्हारी, नुकताच न्हालेला पुंजा, सगळे. लाँचच्या पोटात पाणी चढत गेलं आणि भागू खाली ओंडक्यांमध्ये पालथी पडून पत्रा न् पत्रा न्याहाळत राहिली. एकाच खिळ्यापाशी पाणी टिपकत होतं. तिनं तबकातल्या कुंकवाचं बोट त्यावर टेकवलं. "हितं! बाकी समदी कोरडी!"

आबांनी गंजकी लाँच ठरवली. काकासाहेबांनी मुकाट्यानं हात मिळवला.

तो खिळा बदलला, गंज खरवडला, आणि सुट्टी संपायच्या आत लाँच धरणाच्या पाण्यात, नाथसागरात उतरली. रंग द्यायला कुणाला धीर होता? भल्या सकाळी आबांनी हँडल मारलं, आणि अलीकडचा काठ मागं मागं जाऊ लागला. मधोमध आल्यावर आबांनी वेग कमी केला. "हितं खाली आपलं गाव," ते म्हणाले. आईनं पाण्याला हात जोडले.

मग ती बारीक रेघ जाड होत गेली. तिच्यावर झाडं आली, घरं आली, माणसं आली. मावशी पदर हलवत होती. काठावर जमलेल्या लोकांना आबा लांबूनच ओरडून सांगू लागले, "ही लाँच म्या नाय निवडली! आमच्या भागूनं निवडली! आन् ह्या दोघांनी!"

"शाब्बास गं पोरी! शाब्बास रं वाघांनो!" काठावरून माणसं ओरडली. मल्हारीनं छाती फुगवली. पुंजा तर राजासारखा हात हलवू लागला.

भागूला त्यातलं काही ऐकूच आलं नाही. मावशीशेजारी एक उंच, दोन वेण्यांची मुलगी उभी होती. ही सारजा? इतकी मोठी? हिच्याशी आता काय बोलायचं? ओळखेल तरी का ही?

त्या मुलीनं एकदम हातातली पिशवी खाली टाकली आणि ती परकरासकट धावत पाण्यात शिरली.

"भागे! उतर की! किती येळ लावतीस!"

लाँच काठाला लागायच्या आतच भागूनं उडी मारली.