झालरीतल्या अकरा पेशी

पेशीवाचक यंत्राने अहवाल दिला तेव्हा हेमांगी माणगावे डबा उघडून बसली होती. मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत तिची एकतीस वर्षं गेली होती आणि अहवालासाठी ताटावरून उठायची सवय कधीच मोडली होती. पण हा नमुना तिच्या मुलीचा होता. तिने भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

चार दिवसांपूर्वी प्रणोतीच्या दोन्ही गर्भनलिका काढल्या होत्या. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, पोटात वायू भरायचा, अर्ध्या सेंटिमीटरची तीन छिद्रं पाडायची, पाऊण तासात काम संपतं. संध्याकाळी प्रणोती घरी आली ती खांदा चोळत. आत उरलेला वायू कधी कधी खांद्यात कळ काढतो. "ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा," म्हणून ती नवऱ्याला हसून सांगत होती.

हेमांगीची आजी चंपाबाई चव्वेचाळिसाव्या वर्षी पोटात पाणी होऊन गेली. आई कुसुम सत्तेचाळिसाव्या वर्षी. हेमांगीला एक्कावन्नाव्या वर्षी गाठ निघाली. औषधांनी आठ वर्षं मिळाली, पण गेल्या महिन्यापासून तिच्या रक्तातला कॅन्सरचा आकडा पुन्हा चढू लागला होता. गंमत अशी की घराण्यातल्या जनुकचाचण्या दरवेळी निर्दोष येत. दोष सापडत नव्हता आणि बायका मरत होत्या.

लोक ज्याला अंडाशयाचा कॅन्सर म्हणतात, तो पुष्कळदा सुरू होतो गर्भनलिकेच्या टोकाला असलेल्या नाजूक झालरीत. तिथली एखादी बिघडलेली पेशी गळते, अंडाशयावर पडते आणि रुजते. म्हणून ती गळण्याआधीच नळ्या काढायच्या. या रक्षक नलिकाछेदनासाठी हेमांगीच मुलीच्या मागे लागली होती. प्रणोतीला चार वर्षांच्या मिहिकाच्या पाठीवर आणखी एक मूल हवं होतं. "त्याला नळ्या लागत नाहीत," हेमांगीने तिला समजावलं होतं. "अंडं प्रयोगशाळेत फळवतात आणि गर्भाशयात ठेवतात. नळ्या तेवढ्या जाऊ देत."

अहवालात लिहिलं होतं: डाव्या नळीची झालर, बिघडलेल्या पेशी अकरा. वेळेत सापडल्या, असं म्हणून हेमांगीने श्वास सोडला. मग तिने खालची ओळ वाचली. पेशीमुद्रा रुग्णाशी जुळत नाही.

शस्त्रक्रिया केली होती ती डॉ. नफिसा मुजावर खालच्या मजल्यावर बसायची. ती वर आली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नमुन्यात भेसळ झाली असणार, ताई. दुसऱ्या कुणाचं तरी मिसळलंय."

"जुळणी किती आहे बघ."

"एक अष्टमांश." नफिसाने आकडा पुन्हा वाचला. "म्हणजे नात्यातलं आहे."

"आईशी निम्मं जुळतं, आजीशी साधारण चौथाई. अष्टमांश म्हणजे पणजी."

"पणजीच्या पेशी प्रणोतीत कशा येतील?"

याचं उत्तर दोघींनाही वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं होतं. गरोदरपणात आईच्या काही पेशी वारेतून बाळात जातात. बाळाचं शरीर तेव्हा आपलं कोण, परकं कोण हे शिकत असतं. या पाहुण्यांना ते आपल्यातच धरतं आणि जन्मभर हात लावत नाही.

"माझ्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत जपलेला आहे," ती म्हणाली. "तो लाव. आणि हा नमुना पहिल्यापासून पुन्हा लाव."

आठ वर्षांपूर्वी हेमांगीच्या रक्ताची चाचणी झाली होती, पण गाठ तिच्या स्वतःच्या पेशींशी कुणी ताडून पाहिली नव्हती. गाठ माणसाची स्वतःचीच असते, यात तपासायचं काय?

निकाल यायला तीन दिवस लागले. प्रणोतीच्या अकरा पेशी आणि हेमांगीची गाठ एकाच वंशाच्या होत्या. गाठीची हेमांगीच्या निरोगी पेशींशी जुळणी होती चौथाई. हेमांगीच्या पोटात वाढली ती हेमांगीची गाठ नव्हतीच. चंपाबाईच्या शरीरात कधीतरी एक पेशी बिघडली होती. ती कुसुममध्ये गेली, कुसुममधून हेमांगीत, हेमांगीतून प्रणोतीत. चंपाबाईला जाऊन ऐंशी वर्षं होत आली होती. तिचा आजार अजून मेला नव्हता.

"म्हणून जनुकं निर्दोष येत होती," नफिसा हळू आवाजात म्हणाली. "आपण वारसा शोधत होतो. आणि ही तर तीच पेशी आहे."

"नळ्या काढल्याचा उपयोग?"

नफिसाने चष्मा काढून हातात धरला. "नळीत त्या फक्त मुक्कामाला होत्या, ताई. आल्या रक्तातून. यकृतात असतील, हाडांच्या मज्जेत असतील. औषध वाढत्या गाठीवर चालतं. निजलेल्या पेशीवर काहीच चालत नाही. तुमचा आकडा परत का चढतोय, ते तुम्हाला कळलंच असेल."

कळलं होतं. पण हेमांगी स्वतःचा विचार करत नव्हती.

शनिवारी सकाळी ती मुलीकडे गेली. प्रणोती मिहिकाची वेणी घालत होती. मिहिकाला खेळायला पिटाळून हेमांगीने सगळं सांगितलं, काही न लपवता, आकड्यांसकट. शेवटी प्रणोतीने विचारलं, "मग दुसरं मूल नको?"

"नको."

"आणि मी? माझ्याकडे किती वर्षं आहेत?"

"माहीत नाही. वीस असतील. जास्तही असतील."

प्रणोती हातातली फणी पुसत राहिली. "मिहिका झाली तेव्हा मी तिला काय दिलं, ते कळतं का?"

"तिच्या नाळेचं रक्त साठवलेलं आहे. त्यावरून कळतं."

"आणि असलं तर काढता येतं?"

"नाही."

बाहेर मिहिका कुणाला तरी ओरडून राज्य घ्यायला सांगत होती. प्रणोतीने मान वळवून खिडकीतून तिच्याकडे पाहिलं.

"मग बघू नकोस, आई," ती म्हणाली. "मला शब्द दे. वीस-तीस वर्षं मला तिच्याकडे बघून बरं वाटू दे. बघणार नाहीस ना?"

"नाही बघणार," हेमांगी म्हणाली.

तिने मुलीच्या हातातून फणी घेतली आणि मिहिकाला हाक मारली. पोर धावत आली, पाठ करून तिच्या पुढ्यात बसली. हेमांगी तिची अर्धी राहिलेली वेणी घालू लागली. नाळेचं रक्त तिने तीन दिवसांपूर्वीच पेशीवाचकात लावलं होतं आणि आज पहाटे अहवाल आला होता. सात.