उन्हात पाहून घ्या

सोहमनं मला ऐकवलेलं पहिलं वाक्य होतं, "ताई, जरा लाइट शेड दाखवू का?"

प्रेमाची सुरुवात अशी होत नाही, मला माहीत आहे. भांडणाची होते. आमची भांडणापासूनच झाली.

मे महिना होता, आणि तोही अकोल्याचा. रस्त्यावरचं डांबर चपलेला सोडत नव्हतं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, उघडे फक्त डोळे, अशा अवतारात मी जुन्या शहराच्या गल्लीत मॅचिंग सेंटर शोधत होते. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्या पोरी अशाच दिसतात. कोणती कुणाची, सख्ख्या बापालाही ओळखू येत नाही.

पिशवीत साडी होती. नारंगी. पिवळट नाही, पीच नाही... वरूडचं संत्रं सोललं की आत जो रंग निघतो, तो. माझी रूममेट वर्षाली, तिच्या लग्नात नेसायची म्हणून अमरावतीहून घेतलेली. माझ्या पगारातून. दुकानात उभी राहून आईशी फोनवर भांडून.

"दामे, अवो नारंगी कायले घेतं? तुले उठत नाई तो रंग. बदामी घे, फिक्का."

"माय, मी काय भिंत हाओ का फिक्का रंग द्याले?"

आई दुर्गाबाई. तिनं फोन आपटला. मी साडी घेतली.

तर ते दुकान. 'रमा मॅचिंग सेंटर.' घराचंच पुढचं दालन, मागे पडद्याआड स्वयंपाकघर, आणि भिंतभर कप्पे. कप्प्यांत जगातले सगळे रंग घड्या घालून बसलेले. काउंटरमागे एक सडपातळ पोरगा, कानावर पेन्सिल. त्यानं साडी ट्यूबलाइटखाली पसरली. मी हातमोजा काढून पदराला हात लावला. ही माझी सवय. कपडा बोटांनी बोलल्याशिवाय मी घेत नाही.

त्यानं माझा हात पाहिला. आणि ते लाइट शेडचं वाक्य बोलला.

"काहून?" मी विचारलं.

"नाही, म्हणजे... नारंगीवर पीचही चालतो. तुम्हाला शोभेल."

"मले शोभन? तुमी मले पाह्यलं कुठं? डोळेच दिसून राहिले ना फक्त. हात पाह्यला माझा. हात पाहून शेड ठरवली?"

फॉल घ्यायला आलेल्या दोन बायकांनी माना वळवल्या. मी स्कार्फ सोडला. घामानं कपाळाला केस चिकटलेले, तोंड उन्हानं तापलेलं. तशीच उभी राहिले.

"हे घ्या. पाहा आता. आता सांगा कोणती शेड."

पोराचे कान लाल झाले. आता हा म्हणेल, 'मला तसं म्हणायचं नव्हतं.' सगळे तेच म्हणतात. आणि म्हणायचं त्यांना तेच असतं.

तो म्हणाला, "चुकलं माझं."

बस, एवढंच. मग स्टुलावर चढला, सगळ्यात वरच्या कप्प्यातून एक ताका काढला, धूळ झटकली. "हा घ्या. पण ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. बाहेर उन्हात पाहून घ्या."

मॅचिंग सेंटरची ही रीतच आहे. गिऱ्हाइकानं साडी आणि ब्लाउजचा पीस घेऊन रस्त्यावर यायचं, उन्हात धरायचं. ट्यूबलाइट खोटं बोलते, ऊन बोलत नाही. मी पायरी उतरले. दोन्ही कपडे मनगटावर टाकले. कुठं साडी संपते, कुठं पीस सुरू होतो, कळेना. असला नारंगी पेटला होता की बाजूच्या पानठेल्यावरचा माणूस चुना लावता लावता थांबला.

मागे वळून पाहिलं, तर सोहम काउंटरवर रेलून पाहत होता. कपड्याकडे नाही.

"जुळला?" त्यानं विचारलं.

"जुळला. तुमचं ध्यान कुठं हाय?"

"उन्हात," तो म्हणाला.

मी पैसे दिले आणि चालू लागले. गल्लीच्या टोकाशी येईपर्यंत स्कार्फ बांधायचाच विसरले होते.

—

इथं थोडी आग ओकते, मग पुढं जाऊ.

धामणगाव रेल्वेजवळ माझ्या बाबांची, नत्थुजींची, शेती आहे. काळीभोर. लोक म्हणतात, नत्थुजीची जमीन म्हणजे लोणी. काळ्या जमिनीचं एवढं कौतुक! आणि तोच रंग त्यांच्या पोरीच्या गालावर आला की हळद लावा, साय लावा, उन्हात जाऊ नको, फिकं घाल. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते. 'तुमच्या रंगाला ही जाणार नाही' असं मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला म्हटलेलं नाही. नाकाला बसली, कानाला टोचली नाही, झालं. मग मलाच काहून ऐकवता?

पगार झाला की मी बाजारात जाते. घ्यायचं असो-नसो, दहा कुर्ते काढायला लावते, सगळ्यांना हात लावते. हात लावायचं बिल होत नाही. मोबाइलमध्ये कपड्यांच्या स्क्रीनशॉटचा ढीग आहे. त्यात एक मोरपंखी जंपसूट आहे, खिसेवाला. एक दिवस तो घालून मी गावच्या पारावरून चालत जाणार आहे. कुणाला फेफरं आलं तर येवो.

हे सगळं मी सोहमला सांगितलं. कारण त्या नारंगीनंतर मला फारच मॅचिंग लागायला लागलं. आज अस्तर, उद्या लेस, परवा एक बटण. एकदा मी त्याला बटणाचा फोटो पाठवला. "हे मॅच होईल का?"

"फोटोत कळत नाही. घेऊन या."

"फक्त बटण?"

"बटण विसरलं तरी चालेल..."

वर्षालीच्या लग्नात मी ती साडी नेसले. खाली पांढरे बूट घातले. नवरदेवाची मावशी तोंडाला पदर लावून हसली. फोटो मी सोहमला पाठवला. उत्तर आलं, "स्टुलावरून पडलो."

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या बाइकवर बसले. त्याआधी त्यानं हळूच सांगितलं, "स्कार्फ बांधून ये हं. आई असते दुकानात... गल्लीही आमचीच."

मी हसले. उन्हाळाच होता. स्कार्फ कोण बांधत नव्हतं? मोर्णा नदीच्या पुलावरून जाताना त्याचा सदरा फडफडून माझ्या हाताला लागायचा. रसवंतीवर आम्ही एकाच बाकावर, मधे बोटभर जागा सोडून बसायचो. ती जागा रोज थोडी कमी व्हायची. माझ्याकडे स्कार्फ भरपूर. निळा, राणी, पोपटी, एक शिंपल्यांच्या किनारीचा. तो म्हणायचा, "आज कोणत्या रंगाची आलीस ते लांबूनच ओळखतो मी." मला ते गोडही वाटायचं.

फक्त एक गोष्ट दाताखाली खड्यासारखी लागायची. दुकानात त्याची आई रमाकाकू बसलेल्या असल्या, की तो मला म्हणायचा, "बोला ताई, काय दाखवू?"

पहिल्यांदा मी ओठ दाबून हसले. दुसऱ्यांदा अर्धीच हसले.

—

डिसेंबर आला. अकोल्यातही सकाळी अंगावर काटा येतो. लोक खुर्च्या अंगणात आणून उन्हात बसतात. मी स्वेटर घालून, तोंड उघडं, केस मोकळे, पुलाजवळ उभी होते. तो आला. गाडी थांबवली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"स्कार्फ नाही आणलास?"

"कायले? ऊन गोड हाय आज."

"हो, पण... बांधला असता तर..."

तेव्हा मला कळलं. इतक्या महिन्यांत कधीच कळलं नव्हतं, कारण मधे कधी ऊन होतं, कधी पाऊस, कधी धूळ.

"सोहम, मी स्कार्फ उन्हासाठी बांधत होती. तुह्या मायसाठी नाई."

"असं नाही गं. बाबा पूजा सांगतात, चार घरी मान आहे. एकदम सांगितलं तर... जातीचं आहे, मग..."

"मंग रंगाचं. पूर्ण बोल ना. जात काढ, रंग काढ, सगळे ताके काढून ठेव काउंटरवर. कप्प्यात कायले लपवून राहिला?"

"रंगाचं माझ्या मनात नाही. तुला माहीत आहे."

"तुह्या मनाचं काय करू मी? मनात तं अंधार हाय. तिथं सगळेच रंग सारखे दिसतात."

तो गाडीच्या आरशात पाहत राहिला. खरं सांगू? त्याचा खाली गेलेला चेहरा पाहून माझा हात त्याच्या बाहीकडं निघाला होता. मी तो स्वेटरच्या खिशात कोंबला. प्रेम आहे म्हणून का तोंड झाकून फिरू?

"ऐक," मी म्हटलं. "संक्रांतीची काळी साडी घेणार हाओ मी. मॅचिंगले तुह्या दुकानात येइन. स्कार्फ नाई बांधणार. तुही माय असो का बाप. तू मले ताई म्हटलं, तं मी पीस घेइन, चालली जाइन. मंग पिकोले बी दुसऱ्या दुकानात."

"दामिनी..."

"हे बी तिथंच म्हण. तिच्यासमोर."

आणि मी पुलावरून पायी निघाले. मागून गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मी वळून पाहिलं नाही. डोळे पुसले मात्र. ते झाकायलाही तोंडावर काही नव्हतं.

—

काळी साडी मी जन्मात पहिल्यांदा घेतली. 'काळीनं काळं नेसू नये' हा आमच्या घरातला कायदा. नारंगी काठ, बाकी सगळी काळी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती पिशवीत घालून गेले. कानात मोठे झुमके, ओठांवर गडद लाली, पायात तेच पांढरे बूट. काळजात धडधड एवढी, की झुमकेही हलत असावेत.

दुकान बायकांनी भरलेलं. काउंटरवर रमाकाकू. सोहम स्टुलावर, हातात अस्तराचा ताका. त्यानं मला पाहिलं आणि ताका निसटला. गडगडत दारापर्यंत आला.

रमाकाकूंनी साडी पसरली. मग माझ्याकडे पाहिलं. वाईट मनानं नाही. तेच तर वाईट असतं.

"काळ्यावर काळं कशाला घेतेस बाई? काठाचा रंग घे, नाहीतर थोडा फिका. चेहरा उजळ दिसेल. सोहम, यांना लाइट दाखव रे."

सोहम स्टुलावरून उतरला. कानावरची पेन्सिल काढली. परत लावली. मी पिशवीची नाडी घट्ट धरली. मनातल्या मनात मी अर्धी पायरी उतरलेही होते.

"नाही आई," तो म्हणाला. आवाज फाटका होता. "लाइट नाही."

त्यानं काळे ताके काढले, एकावर एक. ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच काळे. मग त्यानं काउंटरची फळी उचलली. तो पोरगा गिऱ्हाइकासोबत कधी बाहेर येत नसे. जन्मभर गिऱ्हाइकांना उन्हात पाठवलं त्यानं, स्वतः सावलीत उभं राहून. फळी उचलली, साडी आणि ताके काखेत घेऊन बायकांमधून वाट काढत बाहेर आला, आणि म्हणाला—

"ये दामिनी. उन्हात पाहू."

ये! 'या' नाही. ताई नाही.

आम्ही रस्त्यावर उभे राहिलो. पानठेलेवाला तिथंच होता. सोहमनं एकेक पीस माझ्या मनगटावर धरला. एक निळसर निघाला, एक विटकरी. तिसरा जुळला. तरी मनगट त्यानं सोडलं नाही. सगळ्या गल्लीदेखत.

"सोहम," पायरीवरून रमाकाकूंचा आवाज आला. "कोण आहे ही?"

"दामिनी. मला हिच्याशी लग्न करायचंय, आई." मग घाईघाईनं, "हिला विचारलं नाही अजून."

दुकानातल्या दोन-तीन जणी फिस्सकन हसल्या. रमाकाकू नाही हसल्या. त्यांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून मला वरपासून बुटांपर्यंत पाहिलं, "आत या, लोक पाहताहेत," म्हणाल्या, आणि पडद्याआड गेल्या. पडदा हलत राहिला. त्या मला लगेच जवळ घेतील अशी आशा मला नव्हती. त्यासाठी मी आलेही नव्हते.

"पाहू दे लोकाइले," मी म्हटलं. "कपडा फाड आधी."

तो तिथंच, पायरीवर, कात्रीनं चीर देऊन टर्रकन फाडायला लागला. मधेच थांबला. "फाडलेला परत घेत नाही आम्ही. पाटी लावलीय."

"मी कोणता परत देऊन राहिली?"

आता कुठं तो हसला. डोळ्यांत पाणी घेऊन.

"मग... करशील लग्न?"

"ते माझ्या बाबाले भेटल्यावर. संक्रांत झाली की रेल्वेनं धामणगाव. माहे बाबा तोंडानं लय फटकळ हाय, माझ्याहून जास्त. गावातले लोक पारावरूनच विचारतीन, कोणाचा पोट्टा हाय हा, काहून आला." मी पर्समधून शिंपल्यांच्या किनारीचा स्कार्फ काढला आणि त्याच्या हातात दिला. "घे. लागन तुले. तोंड झाकाले."

त्यानं स्कार्फ पाहिला. शांतपणे घडी घातली, काळ्या पीससोबत माझ्या पिशवीत ठेवला.

"नको," म्हणाला. "असाच येतो."