गप्प बसायची सोय

हिशेब सरळ होता. कलाबाईंना केनियातल्या मुलाशी पोटभर बोलायला मिळणार होतं, तेही इंटरनेटवरून, फुकटात. आणि तो फोन जोडून देणाऱ्या रूपालीला चहा, वर कोथिंबिरीची एक जुडी. त्यात प्रेमाबिमाची तरतूद कुणीच केलेली नव्हती.

रूपाली पंचवटीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. २००७ च्या मार्चमध्ये कलाबाईंनी क्लासच्या मालकाकडून कॉम्प्युटर घेतला आणि तो बसवून द्यायला ती मखमलाबादला, त्यांच्या मळ्यातल्या घरी आली. हेडफोन कानाला लावून तिनं चाचणीपुरते आकडे मोजायला घेतले. एक... दोन... तीन –

"चार," कानात कुणीतरी म्हणालं. "आई, आवाज कधी बदललास?"

"मी आई नाही."

"ते कळलंच. आई आकडे मोजते तेव्हा त्यांच्यापुढे भाजीचा भाव असतो."

हा कुंदन. दोन वर्षांपासून तिकडे गुलाबाच्या कंपनीत पॉलीहाऊस सांभाळत होता.

मग रोज संध्याकाळी सहाला रूपाली यायची. कलाबाई पाच मिनिटं बोलायच्या, म्हणजे ओरडायच्या. केनिया लांब आहे, तर आवाजही तेवढा लांब फेकायला हवा, असा त्यांचा हिशेब. मग हेडफोन रूपालीच्या हातात देऊन त्या उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधायला बसत. फोन कसा बंद करायचा ते रूपालीनं त्यांना दोनदा शिकवलं होतं. तिसऱ्यांदा मात्र तिनं शिकवलं नाही.

आधी बोलणं नेटच्या स्पीडचं, मग गुलाबांचं, मग कशाचंच नाही. एप्रिलात नाशिक भाजून निघत होतं आणि तिकडे दुपारचा पाऊस पॉलीहाऊसच्या कागदावर नाचत होता. कुंदननं माईक उंच धरला. रूपालीनं डोळे मिटले. कोथिंबिरीच्या वासात कुठल्या तरी परक्या आभाळाचा पाऊस...

"ऐकलात?"

"अजून थोडा वेळ धरा ना."

या फोनची एकच खोड होती. आवाज क्षणभर उशिरा पोचायचा. त्यामुळे एकजण गप्प झाला की दुसऱ्याला वाटायचं, लाईन गेली. तो फोन ठेवून पुन्हा लावायचा. थोडक्यात, या फोनवर लाजायची सोय नव्हती.

मे महिन्यात कंपनीनं कुंदनपुढे तीन वर्षांचा नवा करार ठेवला. पगार वाढवून. सही शनिवारी करायची होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुझं तू बघ. शुक्रवारी त्यानं रूपालीला विचारलं,

"तुम्ही सांगा. सही करू का?"

रूपाली गप्प. 'नको' म्हणायचा आपल्याला काय हक्क? आणि 'करा' म्हटलं तर अजून तीन वर्षं... नुसता आवाज?

फोन बंद झाला. पुन्हा वाजला.

"लाईन गेली वाटतं. मी विचारत होतो, सही करू का?"

पुन्हा तेच. पुन्हा बंद, पुन्हा घंटी. कलाबाईंनी मान वर करून काय झालं म्हणून विचारलं. लाईन जातेय, रूपाली पुटपुटली. कलाबाईंनी एकदा मॉडेमच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं, एकदा तिच्या लाल झालेल्या कानांकडे. हातातली जुडी ठेवून त्या उठल्या, तिसऱ्यांदा वाजणारा फोन तिला उचलायला लावला आणि माईकपाशी वाकून, आज पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाल्या,

"लाईन बरी हे, कुंदन. पोरगीच गप हे."

तिकडेही शांतता पसरली. यावेळी फोन मात्र कुणी ठेवला नाही.

"सही नको करूस," रूपाली म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, तिलाही कळलं नाही. "ये."

एक क्षण गेला... दोन... समुद्र ओलांडायला लागतो तेवढा.

"येतो."

दिवाळीनंतर लग्न झालं. कुंदननं आईच्याच मळ्यात अर्ध्या एकरावर गुलाब लावले. सोडलेल्या पगाराएवढं त्यातून अजून निघालेलं नाही. रूपालीला आता जुडी मिळत नाही, बांधावी लागते. दुपारी ती क्लासमधून मोबाईल लावते, तो मळ्यातून उचलतो, आणि बराच वेळ कुणीच काही बोलत नाही. इकडे पंखा, तिकडे पाटाचं पाणी. मोबाईलवर गप्प बसायलाही मिनिटाला पैसे पडतात.

रिचार्जचं कार्ड दर आठवड्याला कलाबाई आणतात.