हात खिशात!

“बरणी माझी, मध माझ्या मधमाश्यांचा, हातही माझा... आणि घाई मात्र ह्या पोरांना!”

तादेय इतक्या हळू पुटपुटला, की ते शेजारी उभ्या ब्रिनालाच ऐकू गेलं. समोरच्या विद्यार्थ्याने त्याच्या हातून बरणी घेऊन झाकण फिरवूनही टाकलं होतं. परीक्षेत!

“हात खिशात!” ब्रिना कडाडली. अकरा जणांचे बावीस हात मुकाट अॅप्रनच्या खिशात गेले.

स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या एका कॉलेजात ती व्यवसायोपचाराच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, शेवटच्या वर्षाला कोचिंग शिकवायची. कोचिंग म्हणजे शिकवणी नव्हे. उलट तोंड आवरायची विद्या. दुखापतीतून उठलेल्या माणसाला काय करायचंय ते विचारायचं, वाट त्यालाच शोधू द्यायची, आणि तो धडपडत असताना आपण... थांबायचं.

तिला तरी हे कुठे येत होतं? दोन वर्षांपूर्वी कँटीनमध्ये मध पोचवायला आलेला हाच उंच मधपाळ, तादेय, जिन्याखाली कोटाच्या बटणाशी झटत होता. करवतीने उजव्या हाताची तीन बोटं अधू झालेली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. ब्रिनाने झटकन पुढे होऊन बटण लावून दिलं.

“मी मागितलं होतं?” त्याने विचारलं. डोळे मात्र हसत होते.

ती कानापर्यंत लाल झाली. “नाही... मग आता?”

“आता काढा ते. मी लावतो, तुम्ही बघा.”

चार मिनिटं लागली. इतकं मन लावून तिने आयुष्यात कुणाच्या बटणाकडे पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी तो वर्गात रुग्ण म्हणून यायचा, मुलांना सराव मिळावा म्हणून. वर्गाला सगळं दिसत होतं. गुरुवारी बाईंच्या कानात नवे डूल असतात, आणि तादेय लिंडनच्या फुलांच्या मधाची एक बरणी ‘चुकून’ विसरून जातो. बोलत कुणीच नव्हतं — ती दोघं तर मुळीच नाहीत.

आणि आज शेवटचा गुरुवार. सरावाला येणाऱ्याला दोन वर्षांवर ठेवायचं नाही, असा कॉलेजचा नियम. तो गेला की निमित्तही गेलं.

आता पाळी उलाची. वर्गातली सगळ्यात बुजरी पोर.

“तुम्हाला काय जमायला हवंय?” तिने विचारलं.

“झाकण,” तो नेहमीसारखं म्हणाला.

“ते तर तुम्हाला केव्हाच जमतं.” उलाने हात खिशात आणखी खोल घातले. “खरं काय हवंय?”

आणि ती थांबली. किती थांबली! खाली द्रावा नदीवर एक भोंगा वाजून विरला. ब्रिनाला वाटलं, मध्ये पडावं, पोरीला सावरावं... पण पोरगी तसूभर हलली नाही. ब्रिनाचा ऊर भरून आला. ही आपली विद्यार्थिनी!

“कुणाला तरी... रविवारी माझ्या मधाच्या पेट्यांकडे बोलवायचंय,” तो बरणीला म्हणाला.

“अडतंय काय? हात?”

“हात नाही. जीभ.”

मागे कुणीतरी खोकलं.

“मग पहिलं पाऊल कुठलं टाकाल?”

त्याने मान वर केली. थेट ब्रिनाकडे. “बाई... म्हणजे... तुम्ही रविवारी—”

“येईन की! कितीही वाजता सांगा—” ब्रिनाच्या तोंडून निसटलंच.

“बाई!” अकराच्या अकरा पोरं ओरडली. “हात खिशात!”

तिने हात खिशात कोंबले. ओठ मिटले. काळीज तेवढं ऐकेना.

तादेयने अधू बोटांनी सावकाश शर्टाची बाही सारखी केली. कुणी मदतीला धावलं नाही. कुणी शब्द पुरवला नाही.

“ब्रिना,” तो म्हणाला, “दोन वर्षं मी इथे झाकणासाठी येत नव्हतो. तू मला आवडतेस.”