मुसळाने ठोकलेला भराव

हे घर आजही उभं आहे. खोडाळ्याच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथल्या पाड्यावर. कुणाला खोटं वाटत असेल, तर त्याने जरूर जाऊन बघावं.

फक्त त्या घरात जेवू नये.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, भाताची झोडणी आटपली होती. भर दुपारी तुळशी लाकडाची मोळी घेऊन घरी आली आणि दारातच थबकली.

आतून आवाज येत होता.

धप्... धप्... धप्...

उखळात मुसळ पडतंय.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. पण तो करणारी तिची आई, रामी, पावसाळ्यातच गेली होती.

तुळशीने आत डोकावलं. मुसळ धनेशच्या हातात होतं.

धनेश तिचा धाकटा भाऊ. भिवंडीकडे नव्या इमारतींमध्ये फरशी बसवायचा. आई तापाने फणफणली होती तेव्हा तुळशीने त्याला फोनवर फोन केले. काम सोडून येता येत नाही, म्हणाला. मातीलाही आला नाही. आता त्याचं लग्न ठरलं होतं, मोखाड्याच्या कविताशी. नव्या नवरीने शेणाच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही, म्हणून तो टेम्पो भरून टाइल्स घेऊन आला होता.

घर कुडाचं. एकही भिंत काटकोनात नाही, जमीन मागच्या कोपऱ्याकडे उतरलेली. धनेशने दारापासून दोरी ताणली, नळीतल्या पाण्याने पातळी काढली आणि सगळा वाकडेपणा मागे ढकलला. तसंच करतात. दारातून बघणाऱ्याला ओळ सरळ दिसली की झालं.

मागचा कोपरा भरून वर आणावा लागणार होता. नेमकं तिथेच आईचं उखळ होतं. जमिनीत गाडलेलं, तोंड तेवढं वर.

उखळाची जागा सोडून बसव, एवढंच तुळशीने त्याला बजावलं होतं.

त्याने उखळात खडी आणि माती भरली होती. भराव ठोकायला दुसरं काही सापडलं नाही, म्हणून आईचं मुसळ घेतलं होतं.

तुळशीच्या अंगाची लाही लाही झाली.

"मुसळाला दाण्याबिगर काय लावत नाय, धन्या. आयचं हाय ते."

"आय गेली ना, बाय? आता तिला काय कांडायचंय?" धनेश हसला. "फिनिशिंग बघ. एकदम चकाचक."

 तुळशी दात आवळून मनात म्हणाली... आय, बघून ठेव.

संध्याकाळपर्यंत उखळावरही टाइल बसली. दुसऱ्या दिवशी दोघं जेवायला बसली. पहिल्याच घासाला धनेश थांबला.

कच्...

त्याने घास हातावर थुंकला. भात माती लागून काळा पडला होता.

तांदूळ निवडला नाहीस का, म्हणून तो तिच्यावर खेकसला. ती त्याच पातेल्यातला भात जेवत होती. तिच्या तोंडात एक खडाही नव्हता. तिने ताटं बदलली. त्याचं ताट ती जेवली, स्वच्छ. तिचं ताट त्याने घेतलं...

कच्...

मग त्याने खोडाळ्याच्या बाजारात जाऊन वडापाव खाऊन बघितला. वड्यातही माती. केळं सोलून खाल्लं. केळ्यातही.

तू मला काहीतरी करतेस, असं तो घरी येऊन ओरडला. करता आलं असतं तर बरंच झालं असतं, असं तुळशीला वाटलं.

एका सकाळी केर काढताना तिला मागच्या कोपऱ्यात कोंडा दिसला. टाइल्सच्या सांध्यांमधून तो वर आला होता. ताजा, मऊ. तिने पुसला. वळून पाहते तर... पुन्हा तेवढाच.

तिने त्या टाइलवर टिचकी मारली. खालून पोकळ आवाज आला.

मग खालूनच कुणीतरी उत्तर दिलं.

धप्...

शेजारच्या बुधी आजीने ऐकलं आणि तिला सरळ सांगितलं, उखळ मोकळं कर. तुळशी नाही म्हणाली. आई शेवटी शेवटी पेजेचा घोटही गिळू शकत नव्हती. आता यालाही कळू दे.

"तो मरंल गं," आजी म्हणाली.

"मरू दे."

धनेशची गालफडं बसली. पाणीही गढूळ लागायला लागलं. एका दुपारी तो त्या चकचकीत फरशीवर कोसळला आणि त्याने लहानपणी मारायचा तशी हाक मारली, "बाय..."

तुळशीने पहार उचलली.

टाइल फुटली. खाली खडी नव्हती. मातीही नव्हती.

उखळ तांदळाने काठोकाठ भरलं होतं. पांढराशुभ्र, एकही तूस नाही. हात घातला तर... कोमट. आत्ताच कुणीतरी कांडून उठल्यासारखा.

तिने हात जोडले. तोच तांदूळ शिजवला. धनेशने घाबरत घास घेतला. चावला. गिळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आयच्या हातचा लागतो, बाय."

तो पोटभर जेवला. इतक्या महिन्यांचा तुळशीचा राग त्या एका घासात उतरला. खरकटं काढताना पातेल्याला चिकटलेली चार शितं तिने तोंडात टाकली.

माती.

ओली, थंड, निव्वळ माती.

तिने ताटाकडे पाहिलं. पांढरी शितं. वास भाताचा. धनेश बोटं चाटत होता.

त्यानंतर उखळ कधी रिकामं दिसलं नाही. धनेश दुसरं काही खातच नाही. अंगाने भरलाय, भिवंडीला जायचं नाव काढत नाही. दुसरा तांदूळ शिजवला तर ताट सरकवून देतो. तुळशीने त्याला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगणार?

रोज पहाटे ती उखळापाशी बसते. त्याला सोड आता, आय, म्हणते. माझा राग कधीच गेला.

 उखळात तांदूळ मात्र हल्ली थोडा जास्त असतो... एकाचा नाही, दोघांचा.

धनेश आणि कविताचं लग्न पुढच्या महिन्यात आहे.